वरच्या खान्यातले चिंचोके

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदा बी बाहेर पडली न्हाई. माहेरी आईजवळ न्हाई, आरूच्या पप्पाजवळ न्हाई. देवापुढं हात जोडते ना, तवा बी मी दुसरंच काहीतरी बोलत राहते — पोरीची तब्येत, पाऊसपाणी, असलं. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत न्हाई, म्हणून जमंल असं वाटतंय. जमंल का पण?

मी लई शिकलेली न्हाई. माहेर लोह्याकडचं, नववी झाली अन् शाळा सुटली. मला पहिल्यापासून सगळ्याचंच भ्याव. एसटीत कंडक्टरनं विचारलं तरी गावाचं नाव तोंडातून निघायचं न्हाई. म्हणजे बघा, असल्या बाईला घरोघर जाऊन लोकाला विचारायचं काम मिळालं. मिळालं कशाला, सासऱ्यानं हो म्हणून टाकलं.

आमचं गाव रेणापूरजवळ. पुण्याच्या एक मॅडम आल्या होत्या, सोयाबीनच्या भावावर त्यांचं संशोधन होतं. गावातलीच एक बाई पायजे, घरात चुलीपर्यंत जाता आलं पायजे, मोबाईलवर फोटो काढता आला पायजे. पंचायतीच्या हालमधी त्यांनी आम्हा चार गावांच्या बायकांना बसवून समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाव काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. मोठमोठ्या व्यापाऱ्यालाही नसतं. मला भाव ओळखायचा नाही. माहीत नसताना माणूस काय धरून चालतो, माल विकतो का ठेवतो, ते मला बघायचंय."

मी मान हलवली. कळलं होतं का? थोडं कळलं होतं. थोडं आता कळतंय.

काम असं होतं. एक पांढरं कापड, त्यावर काळ्या रंगानं सात खाने आखलेले, शिडीसारखे एकावर एक. मधला खाना म्हणजे आजचा भाव. वरचे तीन म्हणजे भाव चढंल — जरासा, बरा, लई. खालचे तीन म्हणजे तसाच उतरंल. अन् दहा चिंचोके. घरच्या माणसाला म्हणायचं, म्हैन्याभरानं भाव कुठं असंल वाटतं तिथं चिंचोके ठेवा. पक्की खात्री असंल तर सगळे एकाच खान्यात. नसंल तर वाटून ठेवा. मग फोटो काढायचा अन् मॅडमला पाठवायचा. त्यात चूक-बरोबर काही न्हाई, असं मॅडम दहा येळा म्हणाल्या. अन् एक सांगितलं — कुणाचे चिंचोके कुठं होते, ते दुसऱ्याला सांगायचं न्हाई.

पहिल्यांदा मी खरंच फिरले. हे खरं हाय, यावर तरी विश्वास ठेवा. भीत भीत, पदर डोक्यावर ओढून, पण सगळ्या घरी गेले. लोक हसायचे. पारावर बसलेले बाप्ये म्हणायचे, "आली बघा चिंचोकेवाली! काय गं सूनबाई, आमच्या नशिबाचा बी एक ठेव की!" एक म्हातारा तर म्हणाला, "भाव सांगती का मुलगा होईल का मुलगी ते सांगती?" सगळे खिदळले. मी खाली बघून कापड गुंडाळलं. ते चिंचोके हातात घामेजले होते.

अन् आमच्या शेजारच्या वच्छलाकाकू. आमची अन् त्यांची भिंत एकच. काका गेल्यापासून शेत काकूच बघतात. आरू माझी त्यांच्याच मांडीवर मोठी झाली म्हणा ना. मी कापड अंथरलं तर काकू म्हणाल्या, "मला काय ठाव गं बाई? ते लातूरच्या मोंढ्यात बसलेल्या व्यापाऱ्याला ठाव न्हाई, मला चुलीपाशी काय कळणार?" मी म्हणलं, काकू, काहीतरी ठेवावं लागतंय. तर त्यांनी हळदीकुंकवाचं वाण वाटावं तसा एकेका खान्यात एकेक चिंचोका ठेवला. वरपासून खालपर्यंत. उरलेले तीन मधल्या खान्यात लोटून दिले. म्हणाल्या, "घे. काढ फोटो. कुठंबी जाऊ शकतंय ते."

मॅडमला तो फोटो लई आवडला होता. का आवडला, तवा मला कळलं न्हाई. मला वाटलं, बाईला काही येत न्हाई म्हणून हसल्या असतील.

मग काढणी आली. सगळं गाव रानात. अन् आरूला ताप. उतरायचा, चढायचा, पोरगी अंगावरून खाली उतरायची न्हाई. त्यात मॅडमनं सांगितलेलं, आता दर आठवड्याला फोटो पायजेत, आता खरी येळ हाय. मी दोन घरी गेले. तिसऱ्या घराच्या रस्त्यावर पार होता, तिथूनच मागं वळले.

आता म्हणाल, पोरगी आजारी होती, काय करंल बिचारी. तसं म्हणू नका. मीबी लई दिवस मनाला तसंच सांगितलं. पण ताप आठवड्यात गेला. पोरगी अंगणात पळू लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी कुठं गेले? त्याच्या पुढच्या? काकूचं घर तर भिंतीला भिंत. तिथं जायला काय झालं होतं?

मी माझ्या घरात, आतल्या खोलीत, दार लोटून कापड अंथरायची. चिंचोके मांडायची. फोटो. पुन्हा मांडायची. फोटो. हे अमक्याचं घर, हे तमक्याचं. सगळ्यांत खाली आमचीच शहाबादी फरशी दिसायची, कोपऱ्याला चिरलेली. एका फोटोत तर आरूचं पाऊल आलं. मॅडमला वाटलं असंल, ह्या गावात सगळ्यांकडं शहाबादीच हाय, अन् सगळ्यांकडं लेकरं हायत. खोटं तरी काय होतं त्यात?

अन् मी चिंचोके वरच मांडायची. सगळ्यात वरच्या खान्यात, न्हाईतर त्याच्या खालच्या. एखादा इकडं तिकडं, खरं वाटावं म्हणून. वरच का? आमचं बी सोयाबीन रानातून आलेलं. भाव चढावा वाटायचं, दुसरं काय. न्हाई — अजून एक हाय, ते बी सांगते. मला ते मांडताना बरं वाटायचं. घरात मला कुणी विचारत न्हाई, भाजीत मीठ किती ते बी सासू सांगती. अन् इथं सगळ्या गावाचं मन मी बोटानं सरकवून राहिले. इकडं म्हणलं की इकडं.

काकूचा फोटो बी मीच मांडायची. वरच. कारण खरंच जाऊन विचारलं असतं तर काकूनं पुन्हा वाण वाटल्यासारखे एकेक ठेवले असते, अन् सगळ्यांत त्या एकट्याच वेगळ्या दिसल्या असत्या. मग मॅडमनं विचारलं असतं. एवढा विचार मला सुचला बघा. नववी शिकलेल्या बाईला.

मला वाटलं, फोटो पुण्याला जातात, तिथंच राहतात. कोण बघतंय?

पण मॅडमच्या संशोधनात पुढचं एक होतं. काही गावांना त्यांचाच अंदाज परत सांगायचा, अन् मग लोक माल ठेवतात का विकतात ते बघायचं. आमचं गाव त्या सांगायच्या गावात निघालं. एका दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप आला. एका बाईच्या गोड आवाजात. तुमच्या गावातल्या बहुतेक लोकांना वाटतं की सोयाबीनचा भाव चांगला चढेल.

मी भांडी घासत होते. शेजारच्या अंगणात कुणीतरी मोबाईल मोठ्यानं लावला अन् तो आवाज भिंतीवरून इकडं आला. हातातलं भांडं तसंच राहिलं. गावातल्या बहुतेक लोकांना! कोण होते हो बहुतेक लोक? मी होते. मी एकटी, आतल्या खोलीत, दार लोटून.

मला वाटलं आता लोक येतील, म्हणतील, आम्हाला तर विचारलंच न्हाई. एक मामा आले बी. म्हणाले, "काय गं, या बारीला मपल्याकडं फिरकलीच न्हाईस?" मी म्हणलं, मामा, ते पुण्याच्या मशीननं नावं बदलली. ते म्हणाले, बरं बरं. संपलं. जो तो म्हणायचा, मला नसंल विचारलं, दुसऱ्याला विचारलं असंल. अन् गावानं मिळून सांगितलेलं हाय म्हणल्यावर खोटं कसं असंल? पारावरचे तेच बाप्ये, ज्यांनी मला हसून हसून बेजार केलं, आता म्हणू लागले, "गाव बोललंय म्हणल्यावर थांबावं थोडं. घाई करू नये."

मला हसू यायला पायजे होतं का तवा? मी पाणी आणायला बी पाराच्या मागून जाऊ लागले.

अन् मग काकू आल्या. दुपारची येळ, आरूला काखेत घेऊन. त्यांच्या लेकीचा, शीतलचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला होता. पोरगी हुशार, गावात कुणाला ताप आला तरी हात धरून नाडी बघत बसायची, डॉक्टरीणबाई म्हणायचे तिला. फी भरायची तारीख जवळ आलेली. घरात होतं ते सोयाबीन. विकलं तर फी निघत होती, पण मग हॉस्टेल अन् बाकीचं उरत न्हवतं. भाव चढला तर सगळंच निघत होतं.

काकू उंबऱ्यात बसल्या. म्हणाल्या, "अर्चना, एक इचारू? खरंच सगळ्यांनी वरच ठेवलेत का गं?"

माझ्या तोंडाजवळ आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. 'काकू, मी कुणाकडं गेलेच न्हाई.' एवढंच म्हणायचं होतं. किती शब्द हायत ते? त्या ओरडल्या असत्या, न्हाईतर हसल्या असत्या. सासऱ्याला कळलं असतं, काम गेलं असतं. त्यापेक्षा जास्त काय झालं असतं?

मी म्हणलं, "हाव काकू. सगळ्यांनी."

"म्या तर काहीच सांगितलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "पण गावाला ठाव असंल. मग ठिवू का?"

मी म्हणलं, "ठेवा."

एवढंच असतं तर मी कदाचित आतापर्यंत कुणाला तरी सांगून टाकलं असतं. भ्याले, खोटं बोलले, असं म्हणता येतं. माणूस भितो. पण एवढंच न्हाई. इथपर्यंत आले अन् आता पुढचं सांगायला जीभ उचलत न्हाई.

त्याच संध्याकाळी आरूचे पप्पा मला म्हणाले, "काय करायचं गं, आपलं बी ठेवायचं का? गाव तर ठेवा म्हणून राहिलं."

मी म्हणलं, "विका. उद्याच विका."

कारण मला ठाव होतं. गावाचा अंदाज म्हणजे मी. अन् मला तर काहीच कळत न्हवतं! भाव चढंल का उतरंल, मला काय ठाव? सगळं गाव ज्याच्यावर उभं होतं तिथं खाली काहीच न्हवतं, हे एकटीला मला दिसत होतं. म्हणून मी माझं घर बाजूला काढून घेतलं. काकूला ठेवा म्हणलं, अन् नवऱ्याला विका म्हणलं. एकाच दिवशी. ह्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पोती भरली. सासरे सुतळीनं शिवत होते, अन् पोत्याची तोंडं धरायला कोण होतं? वच्छलाकाकूच. मदतीला आल्या होत्या, नेहमी येतात तशा. म्हणाल्या, "तुम्ही कामून विकून राहिलाव? गाव तर चढंल म्हणतंय." सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, काकू, आमच्या भिंतीचं काम काढायचंय, थांबता येत न्हाई. कुठल्या भिंतीचं? ती भिंत अजून तशीच हाय. काकूनं एका हातानं पोतं धरलं अन् दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यावर सांडलेला भुसा झटकला.

टेम्पो लातूरला मोंढ्यात गेला. आम्ही विकलं. बऱ्या भावात विकलं.

मग भाव उतरला. एकदम न्हाई, जरा जरा. कुणी म्हणालं बाहेरून तेल आलं, कुणी म्हणालं पेंडीला गिऱ्हाईक न्हाई. मागून सगळ्यांनाच कारण सापडतं. लोक म्हणायचे, चढंल, गाव बोललंय. काकू रोज सकाळी दळण निवडताना शीतलला म्हणायच्या, "बघ गं मोबाईलमधी, आज काय हाय?" अन् शीतल बघून सांगायची. पहिल्यांदा मोठ्यानं सांगायची. मग हळू सांगायची. मग सांगायची बंद झाली. भिंत एकच असल्यावर सगळं ऐकू येतं, अन् कधी ऐकू येत न्हाई ते बी ऐकू येतं.

मला तवा बी सांगता आलं असतं. फीची तारीख अजून गेली न्हवती. 'काकू, आता जे येतंय त्यात विकून टाका, मी खोटं बोलले' — असं म्हणायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा विरजण मागून आले. एकदा नुसतीच आले.

तारीख गेली. नंबर गेला, दुसऱ्या कुणाला मिळाला असंल. सोयाबीन नंतर विकलं, ज्या भावात विकलं त्यात काय व्हायचं होतं. कुणाला ताप आला तर नाडी बघायची तेवढं शीतलनं बंद केलं. पुढच्या वर्साला देगलूरचं स्थळ आलं, माणसं चांगली, पोरगा किराणा दुकानात. लग्नात पंगतीत मी बुंदी वाढत होते. काकू सगळ्यांना सांगत होत्या, "ही अर्चना, माझ्या घरचीच समजा."

आरूच्या पप्पांनी पारावर सांगून टाकलं, माझ्या बायकोला मार्केट कळतंय, ती म्हणली विका अन् आम्ही विकलं. कौतुकानं सांगितलं. मला वाटलं आता कुणीतरी म्हणंल, मग तिनं काकूला का ठेवायला लावलं? कुणी म्हणालं न्हाई. उलट बायका मला इचारू लागल्या. अंगठी घेऊ का आता, का सोनं उतरंल? मी काय सांगू?

मॅडमनं शेवटी लातूरला बोलावलं होतं. भिंतीवर मोठा उजेड पाडून रेघा दाखवल्या. आमच्या गावाची रेघ सगळ्यात वेगळी होती. मॅडम म्हणाल्या, बघा, पहिल्यांदा ह्या गावात मतं किती पांगलेली होती, अन् नंतर कशी एकत्र आली. आपल्याच लोकांचा अंदाज ऐकून माणसं थांबली. त्यांना लई आनंद झाला होता. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अर्चनाताई, तुम्ही गावात होतात. तुम्हाला काय वाटतं, का झालं असेल असं?" सगळी माणसं वळून माझ्याकडं बघू लागली. शिकलेली माणसं, चष्मेवाली. ती पांगलेली रेघ खरी होती, ती काकूसारख्यांची होती — न्हाई ठाव म्हणणाऱ्यांची. दुसरी रेघ माझ्या फरशीवरची होती.

मी म्हणलं, "आमच्या गावात एकी हाय, मॅडम."

टाळ्या वाजल्या.

मागच्या म्हैन्यात शीतल माहेरी आली होती, काखेत लेकरू. देगलूर तेलंगणाच्या कडेला, तिच्या बोलण्यात आता तेलुगू घुसलंय, लेकराला 'दा, दा' करून बोलावती. भिंतीवरून डोकावून म्हणाली, "वहिनी, काय करून राहिल्या? तुमचे ते चिंचोके हायत का अजून? द्या की याला खेळायला." हसत होती. खरंच हसत होती का, मला अजून सांगता येत न्हाई. मी पिशवी दिली न्हाई. पिशवी लागते मला. मॅडमचं काम पुन्हा सुरू झालंय, त्यांनी मलाच ठेवलंय. घरात कुणी सोडू देत न्हाई, अन् मी बी सोडते म्हणाले न्हाई.

आता मी सगळ्या घरी जाते. पारावरून जाते. बाप्ये आता हसत न्हाईत, खुर्ची देतात.

परवा काकूकडं गेले. कापड अंथरलं, दहा चिंचोके त्यांच्या पदरात दिले. म्हणलं, काकू, म्हैन्याभरानं भाव कुठं असंल वाटतं, तिथं ठेवा. मी वाट बघत होते, आता त्या वाण वाटल्यासारखे एकेक ठेवतील. मला ते बघायचं होतं. मला तेवढंच पायजे होतं.

काकूनं चिंचोके ओंजळीत घेतले, अन् सगळेच्या सगळे माझ्या हातात परत ठेवले. माझी मूठ त्यांनी मिटवली.

"तूच ठेव गं," त्या म्हणाल्या. "मपल्याला काय कळतंय? मागच्या बारीला तुझ्या घरानं येळेवर विकलं. तुला कळतंय."

आरू त्यांच्या मांडीवर झोपली होती. मोबाईल मॅडमला फोटो पाठवायला उघडाच होता. मी मूठ उघडली.

मग मी ठेवले.